कृपया वैध नाव भरा

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. रात्री साडेदहाला बीडहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. म्हणाली, "मामू, ये कंप्यूटर मेरा नामच नै ले रा."

मला वाटलं नेट गेलं असेल. म्हटलं, पान बंद कर, पुन्हा उघड. "पान खुल्ला है मामू. नाम के नीचे लाल अक्षर आ रे." मग तिनं स्क्रीनचा फोटो पाठवला. तीन चौकटी होत्या. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्हींवर लाल चांदणी, म्हणजे तिन्ही भरणं सक्तीचं. आणि पहिल्या चौकटीखाली लाल अक्षरात एक ओळ : कृपया वैध नाव भरा.

भाचीचं खरं नाव इथं देत नाही. धाटणी कळावी म्हणून समजा, ते ‘शेख रुखसाना शेख रहीम’ असं आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात राहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पहिला शेख तिचा, दुसरा बापाचा. आधारवर असंच, शाळेच्या दाखल्यावर असंच, रेशनकार्डावरही असंच. तिनं पहिल्या चौकटीत ‘शेख रुखसाना’ लिहिलं. चौकटीला मधली मोकळी जागा चालेना. मधल्या चौकटीत ‘शेख रहीम’ लिहिलं, तिथंही तेच. आडनावाच्या चौकटीत काय लिहायचं हे तिला कळेना, कारण नाव तर संपलं होतं!

पावणेबारा वाजता आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला. रुखसाना, रहीम, शेख. अर्ज गेला. तीन आठवड्यांनी निरोप आला की अर्जातलं नाव आधारशी जुळत नाही, अर्ज परत. मग स्टॅम्प पेपर, मग प्रतिज्ञापत्र, ‘शेख रुखसाना शेख रहीम आणि रुखसाना रहीम शेख ही एकच व्यक्ती आहे’ असं. भाऊजी गवंडीकाम करतात. त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडाली, वकिलाचे आणि झेरॉक्सचे पैसे वेगळे. शिष्यवृत्ती शेवटी मिळाली, पण तोवर फी उसनवारीवर भरून झाली होती.

ही हकिकत मी आमच्या क्षेत्रातल्या दोन-चार मित्रांना सांगितली. सगळे हळहळले आणि सगळे एकच वाक्य बोलले : अरे, साधी टेक्स्ट बॉक्सची गोष्ट आहे. त्या ‘साधी’वर मला आज भांडायचं आहे.

भांडण्याआधी कबुली देतो. असल्या चौकटी मी स्वतः बांधलेल्या आहेत. २००१ साली पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये एका संस्थेसाठी सभासद नोंदणीचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात नावाच्या टेक्स्ट बॉक्सला मी पहारेकरी बसवला होता. की दाबली की एक इव्हेंट चालायचा, दाबलेलं अक्षर ए ते झेडमधलं नसेल तर मी त्याचा कोड शून्य करून टाकायचो. कोड शून्य केला की ते अक्षर स्क्रीनवर उमटतच नाही. माणूस टिंब दाबतोय, दाबतोय, आणि काहीच होत नाही! ‘मोहम्मद’चं ‘मोहं.’ असं आखूड रूप लिहिणारे आमचे कितीतरी लोक त्या टिंबावर अडले असतील. आडनावही मी सक्तीचं केलं होतं. अब्बांनी माझं नाव सुटसुटीत तीन भागांत लावलं होतं, म्हणून मला त्यात काही खटकलं नाही. साहेबांनी शाबासकी दिली. म्हणाले, व्हॅलिडेशन चोख आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. एका ओळीची मजकुराची चौकट ही संगणकाच्या पडद्यावरची सगळ्यात गरीब वस्तू आहे. विंडोजमध्ये तिला एडिट कंट्रोल म्हणतात, जावाच्या स्विंगमध्ये जेटेक्स्टफील्ड, क्यूटीमध्ये क्यूलाइनएडिट, जीटीकेमध्ये एन्ट्री. वेबवर ती १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येच आहे, इनपुट नावाच्या टॅगमध्ये. एंटर दाबल्यावर खाली दुसरी ओळ उघडायची नाही, एवढंच तिचं बंधन. बाकी तिला कशाचीच हरकत नसते. क्यूलाइनएडिटची मुळातली मर्यादा ३२,७६७ आहे. स्विंगच्या जेटेक्स्टफील्डला तर मर्यादाच नाही. तिथं ‘वीस कॉलम’ असं लिहिलं तरी ते रुंदीबद्दल असतं, माणूस त्यात दोनशे अक्षरंही लिहू शकतो, मजकूर डावीकडे सरकत जातो. मर्यादा घालायची तर वेगळा फिल्टर लिहून जोडावा लागतो. एचटीएमएलमध्येही दिसण्याची रुंदी आणि भरण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी कुणी मुद्दाम घातल्याशिवाय लागत नाही.

म्हणजे रुखसानाला अडवलं ते चौकटीनं अडवलं नाही. कुणीतरी बसून, विचार करून, पगार घेऊन ती अडवणूक लिहिली. कुणीतरी ती तपासली. कुणीतरी त्यावर ‘ओके’ असा शेरा मारला. या साखळीत एकालाही प्रश्न पडला नाही की ज्यांच्यासाठी हा अर्ज आहे त्यांची नावं कशी असतात. शिष्यवृत्ती अल्पसंख्याक मुलींसाठी होती, हे सांगायचं राहिलं.

आपण मुसलमानांची नावं घेऊ, कारण घरची आहेत. ‘अब्दुल’ हे नाव नाही. त्याचा अर्थ ‘...चा बंदा’, आणि पुढं अल्लाहच्या नावांपैकी एक येतं : अब्दुल रहमान, अब्दुल करीम, अब्दुल गफ्फार. दोन शब्द मिळून एक नाव. फॉर्म ते मधून कापतो. मग बँकेचं पत्र येतं, ‘प्रिय अब्दुल’. म्हणजे प्रिय ‘...चा बंदा’! कुणाचा, ते आडनावाच्या चौकटीत पडलेलं असतं. बायकांच्या नावांतले ‘बी’, ‘बेगम’, ‘खातून’, ‘बानो’ यांचं काय करायचं हे कुठल्याच फॉर्मला ठाऊक नसतं. माझ्या दादीच्या नावातली ‘बी’ एका कागदावर आडनाव झाली, दुसऱ्यावर गळाली, तिसऱ्यावर नावाला चिकटून एक शब्द झाली. तीन कागद, तीन बायका. कोकणातल्या आमच्या भाईबंदांना हा त्रास कमी, त्यांची आडनावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. म्हणून तर ‘मुसलमानांच्या नावासाठी वेगळी चौकट द्या’ ही मागणीसुद्धा मी करत नाही. मुसलमानांचं नाव असा एक नमुना अस्तित्वातच नाही.

आणि डॉ. कलामांचं काय करणार? अवुल पकीर जैनुलाबदीन अब्दुल कलाम. त्यातलं जैनुलाबदीन हे वडिलांचं नाव, स्वतःचं नाव शेवटी, अब्दुल कलाम. पहिलं नाव-मधलं नाव-आडनाव हा साचा लावला तर भारताच्या राष्ट्रपतींचं पहिलं नाव ‘अवुल’ ठरतं आणि आडनाव ‘कलाम’. इंग्रजीत मोकळ्या जागा धरून हे नाव ३५ अक्षरांचं होतं. तीस अक्षरांची मर्यादा घातलेल्या चौकटीत देशाच्या प्रथम नागरिकाचं नाव मावत नाही. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि सुहार्तो, दोघांनाही एकच नाव. आडनाव सक्तीचं असलेल्या फॉर्मवर त्यांना मोबाइलचं सिमकार्डही मिळालं नसतं.

हे काही नवं ज्ञान नाही. २०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रॅमरनं नावांबद्दलच्या प्रोग्रॅमर लोकांच्या गैरसमजांची एक यादीच प्रसिद्ध केली होती. आमच्या क्षेत्रात ती न वाचलेला माणूस सापडणं कठीण. सगळ्यांनी वाचली, हसले, शेअर केली आणि सोमवारी कामावर जाऊन पुन्हा तीन चौकटी मांडल्या. एचटीएमएलचं चालू मानक तर स्पष्टच सांगतं की नावाचे तुकडे मागण्यापेक्षा पूर्ण नावाची एकच चौकट ठेवा, तुकड्यांमध्ये पाश्चात्त्य पूर्वग्रह डोकावतो, कित्येकांना एकच नाव असतं. ज्यांनी चौकट घडवली तेच हे सांगताहेत. आपल्याकडं आधारचा अर्जसुद्धा पूर्ण नाव एकाच ओळीत घेतो. एवढ्या अफाट लोकसंख्येची नोंद एका ओळीत होते आणि तालुक्याच्या एका शिष्यवृत्तीला तीन चौकटी लागतात!

आता मराठीकडं येऊ, कारण इथं दुखणं सगळ्यांचं आहे. तुम्ही म्हणाल, इंग्रजीचा फॉर्म सोडा, आपला मराठी फॉर्म तरी आपलं नाव घेईल. बघा हं. एखादा भला प्रोग्रॅमर ए ते झेडचा नियम काढतो आणि लिहितो की कोणत्याही भाषेतलं अक्षर चालेल. हेतू उत्तम. पण युनिकोडच्या हिशेबात ‘र’ हे अक्षर आहे आणि ‘रु’मधला उकार हे अक्षर नाही, ते चिन्ह आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळी चिन्हं. जावाला विचारा, काना हे अक्षर आहे का? उत्तर येतं, नाही. परिणाम असा की त्या नियमातून भरत पास होतो, कमल पास होते, रमण पास होतो. ज्ञानेश्वर नापास. तुकाराम नापास. रुखसाना इथंही नापास. अक्षरांबरोबर चिन्हंही चालतील एवढी छोटीशी भर नियमात घातली की काम होतं. ती घालायला माहीत असावं लागतं की जगात काना-मात्रा आहेत, आणि हे प्रोग्रॅम लिहिणारे महाराष्ट्रातच शिकलेले असतात.

लांबीचंही तेच. ‘रुखसाना’ हे आपण चार अक्षरांचं नाव म्हणू : रु, ख, सा, ना. संगणक त्यात सात खुणा मोजतो. वेबवरची चौकट कमाल लांबी या खुणांनीच मोजते. पुढं डेटाबेसचा रकाना बाइटमध्ये मोजत असेल तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे २१. वीस बाइटच्या रकान्यात रुखसानाचं नुसतं पहिलं नाव मावत नाही, आणि रकाना युनिकोडचा नसेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून येते. मी अशी पावती पाहिली आहे. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, नाव : ??????.

नुक्त्याची गंमत अजून वेगळी. उर्दूतून आलेली नावं काही घरांत नुक्ता देऊन लिहितात, जसं फ़ातिमा. हा ‘फ़’ एका कीबोर्डवरून एकाच कोडानं येतो, दुसऱ्यावरून ‘फ’ अधिक नुक्ता असा दोन कोडांनी. डोळ्याला तसूभर फरक नाही. संगणक मात्र म्हणतो, नाव जुळत नाही. मग फ़ातिमानं कुणाकडं दाद मागायची? दोन्ही कागद टेबलावर ठेवले तर कारकुनालाही ती एकसारखीच दिसतात. दोन्ही बाजू जुळवायच्या आधी एका रूपात आणायची सोय प्रत्येक मोठ्या भाषेत तयार आहे, एका ओळीचं काम. ते करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

समोरची बाजू मला पाठ आहे, कारण वीस वर्षं मीच ती मांडत होतो. पहिलं म्हणणं, आडनावाशिवाय यादी लावता येत नाही. का येत नाही? पूर्ण नावावर लावा. शाळेतली बाई हजेरी घेते तेव्हा दाखल्यावर जसं नाव असेल तसं पुकारते, तिचं कधी अडलं नाही. पत्रात काय लिहून हाक मारायची हा प्रश्न असेल तर एक वेगळी, ऐच्छिक चौकट द्या : तुम्हाला काय म्हणू? माणूस स्वतः सांगेल.

दुसरं म्हणणं, मोकळीक दिली तर लोक वाट्टेल ते भरतील. अहो, वाट्टेल ते आताच भरताहेत! सक्तीच्या आडनावाच्या चौकटीत काय काय येतं ते डेटाबेस उघडून बघा. टिंब, डॅश, ‘एनए’, पुन्हा तेच पहिलं नाव, गावाचं नाव. अमेरिकेच्या व्हिसावर तर ही गोष्ट अधिकृत आहे. पासपोर्टवर एकच नाव असेल तर ते आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतात, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. मग तिथं माणूस एफएनयू याच नावानं हाक ऐकू लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावरचं वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव चालेल असं स्पष्ट करण्यात आलं. आपल्या मोहल्ल्यांतून आखातात किती लोक जातात हे सांगायला नको. गंमत म्हणजे पासपोर्टचं आंतरराष्ट्रीय मानक एकच नाव असलेला माणूस मान्य करतं.

तिसरं कारण सुरक्षेचं. उद्गारचिन्ह, टिंब, वरचा स्वल्पविराम चालू दिला तर कुणी डेटाबेसमध्ये घुसेल म्हणे. इंग्रजीत ‘डि’नंतर वरचा स्वल्पविराम देऊन आपलं आडनाव लिहिणारे वसईचे आणि गोव्याचे डिसोझा यामुळं जन्मभर अडतात. घुसखोरी अडवण्याची रीत वेगळी आहे, मजकूर आणि हुकूम डेटाबेसला वेगवेगळे पाठवायचे. ती पंचवीस वर्षं उपलब्ध आहे. ती न वापरता डिसोझांच्या नावाची मोडतोड करणं म्हणजे स्वतःच्या दाराला कडी नाही म्हणून गल्लीतल्या लोकांना फिरायची बंदी करण्यातला प्रकार.

चौथं म्हणणं बाहेरून येत नाही, आपल्याच बैठकीत येतं. जमातीतले एक बुजुर्ग मला म्हणाले, "बेटा, जमाने के साथ चलना. एक आडनाव लगा लो, झंझट खतम." त्यांचा आदर राखून सांगतो, झंझट संपत नाही. नाव बदललं की राजपत्र, राजपत्रानंतर आधार, मग पॅन, मग बँक, मग शाळा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी चौकट. पॅनचं तर पाचवं अक्षरच आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून येतं. आणि ज्यांना दोन वेळच्या जेवणासाठी रोज कामावर जावं लागतं त्यांनी हे सगळं का करायचं? प्रोग्रॅमरला दहा मिनिटं वाचवायची म्हणून?

शिवाय या महाराष्ट्रात आडनाव सक्तीनं विचारणं म्हणजे काय, हे आपल्याला कळत नाही असं नाही. नवा भाडेकरू आला की घरमालक ‘पूर्ण नाव काय?’ असं विचारतो ते कशासाठी? आडनावातून जात कळते, आमच्या बाबतीत धर्म कळतो. म्हणून कित्येक मराठी तरुण-तरुणींनी जाणूनबुजून आडनाव टाकलं, आईचं आणि वडिलांचं नाव लावलं. त्यांनाही ही चौकट म्हणते, कृपया आडनाव भरा. राज्य सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावण्याचा निर्णय घेतला, क्रम ठरवला : मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईचं नाव आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण फॉर्म बनवणाऱ्यांनी त्यातून काय धडा घेतला? तीनच्या चार चौकटी केल्या. शेवटची अजूनही लाल चांदणीची.

मी काय मागतोय ते मोजून सांगतो, कारण ‘व्यवस्था बदला’ म्हणणं सोपं असतं. नावाची एक चौकट. ‘तुमच्या ओळखपत्रावर आहे तसं’ एवढी सूचना तिच्यावर. रिकामी नसावी, हा एकच नियम. टिंब, मोकळी जागा, काना-मात्रा, नुक्ता सगळं चालेल. मर्यादा घालायचीच असेल तर भरपूर मोठी. आणि ‘वैध’ हा शब्द चुकीच्या संदेशातून काढा. नाव वैध की अवैध हे ठरवण्याचा अधिकार माणसाच्या आईबापांनंतर कुणाला असेल तर तो त्या माणसाला आहे. हे सगळं बदलायला माझ्या हिशेबानं एका माणसाचा एक दिवस पुरतो, आणि त्यातला अर्धा दिवस जुना कोड पुसण्यात जाईल.

भाचीच्या प्रकरणानंतर आमच्या चालू प्रोजेक्टमध्ये मी हेच केलं. तीन चौकटी काढल्या, एक ठेवली, अक्षरांचा नियम पुसला. दोन दिवसांनी तपासणीच्या टीमकडून तक्रार आली, वर ‘गंभीर’ असा शिक्का : नावाच्या चौकटीत एकच शब्द भरला तरी फॉर्म पुढं जातो. मी खाली लिहिलं, हो, जायलाच पाहिजे. त्यांनी विचारलं, याला मंजुरी कुणाची? ती तक्रार अजून उघडीच आहे, आणि या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्यावर मीटिंग लावली आहे.